आतली कडी

९ जानेवारी

आज वरच्या मजल्यावरचं दार फोडलं.

शिवणवाल्या बाई चार-पाच दिवस दिसल्या नव्हत्या. दिसल्या नव्हत्या हेसुद्धा वास सुटला तेव्हा लक्षात आलं. दाराशी वर्तमानपत्रं साचली होती आणि आम्ही सगळे त्यांच्यावरून पाय उचलून गच्चीवर कपडे वाळत घालायला जात होतो. बाहेर कुलूप नाही, म्हणजे आतून कडी. शेवटी समोरच्या इमारतीतल्या कॅप्टनना बोलावलं. हे जहाजावरचे कॅप्टन नव्हेत. अग्निशमन दलातून निवृत्त झालेले गृहस्थ. ताठ चालतात म्हणून कोणीतरी नाव ठेवलं आणि ते चिकटलं. त्यांनी फटीत पहार घातली, दोन हिसक्यांत दार आलं. "कोणी आत येऊ नका," म्हणाले आणि एकटे गेले.

बाहेर आले ते जिन्याच्या पायरीवरच बसले. मी पाणी दिलं. त्यांनी घोटही न घेता पेला पायरीवर ठेवला. जन्मभर आगीत शिरलेला माणूस.

"दारापर्यंत सरपटत आल्या होत्या बाई," ते म्हणाले. "हात वर केलेला होता. कडी वीतभर लांब राहिली."

तो हात काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाही. मीही एकटीच. हे गेल्यापासून मीही कडी लावूनच झोपते.

१५ जानेवारी

संध्याकाळी माझ्या बाहेरच्या खोलीत बैठक झाली. बैठक म्हणजे चौघं आणि चहा. कॅप्टन, तळमजल्यावरच्या नर्सबाई, कोपऱ्यावरचा सुतार आणि मी. नर्सबाई मोठ्या इस्पितळात असतात; बोलायला मऊ, पायांवर सदा सूज. सुतार वरच्या नव्या दाराचं माप घ्यायला आला होता, तो चहाला म्हणून बसला आणि मंडळात अडकला.

कॅप्टन म्हणाले, "आपल्या गल्लीत एकटी राहणारी माणसं किती, हे मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. ही लाज आहे."

ठरलं ते साधंच. रोज सकाळी अशा प्रत्येक दारावर टकटक करायची. आतून 'आहे' एवढं आलं की पुढच्या दाराला जायचं.

"आणि आतून 'नाही' असं आलं तर?" सुताराने विचारलं. आम्ही हसलो. कॅप्टन हसले नाहीत.

नाव मी सुचवलं, हाक मंडळ. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, एकाची हाक दुसऱ्याला जोडून देण्यात. निवृत्त झाल्यापासून कानांना सुनं सुनं वाटत होतं. मला चिटणीस केलं आणि कॅप्टननी लगेच 'चिटणीसबाई' म्हणायला सुरुवात केली. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

३ फेब्रुवारी

सकाळची फेरी हा आता माझ्या दिवसातला सगळ्यात चांगला वेळ. माणसं दाराआडून काय काय बोलतात. घड्याळजी, म्हणजे पूर्वी नाक्यावर घड्याळं दुरुस्त करायचे ते म्हातारे, रोज सांगतात, "आहे, पण किल्ली उतरत आलीय." पलीकडच्या एक आजी दार उघडून माझा हात धरतात आणि सोडतच नाहीत.

ताईने मात्र माझी बिनपाण्याने केली. ताई माझी सख्खी बहीण, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. जमीन-मोजणीच्या कचेरीत नकाशे काढण्यात तिचा जन्म गेला. लग्न केलं नाही. गुडघा गेला तरी जीभ शाबूत आहे. मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहते. खिडकीशी उतरतं टेबल आहे, अजून त्यावर काहीबाही आखत बसते. मी टकटक केली तर आतून आवाज आला, "कोण मेलं?"

"अगं, तू आहेस ना, एवढंच बघायला आले."

"मी मेले नाही हे सांगायला मला साखरझोपेतून उठवतेस? धाकटे, मला मरायचं असेल तर मी दुपारी मरेन. सकाळी झोपू दे."

नाव नोंदवायला चक्क नाही म्हणाली. तिचं हे नेहमीचंच. सगळं जग उजवीकडे निघालं की ही डावीकडे.

२२ फेब्रुवारी

हात धरणाऱ्या आजी आज न्हाणीघरात पडल्या. माझ्या हाकेला उत्तर आलं नाही, म्हणून मी धावत जाऊन कॅप्टनना आणलं. बाहेरचं दार फोडलं तर पुढे न्हाणीघराचंही आतून बंद. ते फोडलं. आजी गारठून निळ्या पडल्या होत्या, पण श्वास होता. इस्पितळात नर्सबाई रात्रपाळी उरकून घरी निघाल्या होत्या, त्या तशाच मागे फिरल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर हातात काही राहिलं नसतं.

वर्तमानपत्रवाला फोटो काढून गेला. परगावी लेकीला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "आई, तू आता प्रसिद्ध होणार." मला हसू आवरेना. हे असते तर म्हणाले असते, बाईसाहेब आता आमच्याशी बोलतील का.

परतताना कॅप्टन प्रत्येक दाराकडे बघत चालले होते. मग म्हणाले, "दोन दारं फोडावी लागली. एकट्या माणसाला दोन दारं हवीत कशाला?" मला वाटलं गमतीने म्हणताहेत.

१४ मार्च

सायकलवाल्याने आपलं बंद पडलेलं दुकान मंडळाला वापरायला दिलं. अजून आत रबराचा नि वंगणाचा वास आहे. ज्या खिळ्यांवर तो ट्यूब टांगायचा, त्यांवर आता लोकांच्या घरांच्या किल्ल्या लटकतात. लोक आपण होऊन आणून देताहेत. बातमी वाचून परगावची मुलं फोन करतात, आमच्या आईकडे बघा, आमच्या बाबांकडे बघा.

पण नुसत्या किल्लीने भागत नाही, आतली कडी असतेच. म्हणून ठरलं की नोंदलेल्या घरांतल्या आतल्या कड्या काढायच्या, बाहेरच्या दाराची आणि न्हाणीघराचीही. सुतार कुरकुरला. "कडी बसवायला लोक मला बोलावतात. काढायला पहिल्यांदाच निघालोय."

आजींच्या न्हाणीघराची कडी काढली तेव्हा मी हजर होते. स्क्रूची रिकामी भोकं राहिली. आजी त्यांवरून बोट फिरवत रडायला लागल्या. आयुष्यात कोणी एवढी काळजी घेतली नसेल बिचारीची.

१० एप्रिल

जवळजवळ महिनाभर लिहायला सवड झाली नाही. मंडळ आसपासच्या सगळ्या गल्ल्यांत पसरलंय. निळी जाकिटं शिवून घेतली, पाठीवर पांढऱ्या अक्षरांत 'हाक'. जाकीट घालून निघालं की लोक बोलायचे थांबतात आणि बाजूला होऊन वाट देतात. हा मान मला नोकरीत कधी मिळाला नव्हता.

नवा नियम: अंधार पडण्याआधी घराघरांतले गॅसचे रेग्युलेटर काढून आणायचे, सकाळी परत द्यायचे. घड्याळजींनी तक्रार केली, "रात्री चहाची तल्लफ आली तर?"

कॅप्टन म्हणाले, "तल्लफेने मेलेलं माणूस मी अजून पाहिलं नाही. गॅसने मेलेली स्वतःच्या हातांनी उचललीत." घड्याळजींनी रेग्युलेटर काढून दिला.

आज ते घरी आले. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाले, "चिटणीसबाई, रागावू नका. मंडळात कुजबुज आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात लोक. तुमच्याच बहिणीचं दार आपल्याला बंद."

"ती ऐकायची नाही हो."

"जळत्या घरात शिरताना मी परवानगी मागत बसलो असतो तर किती माणसं जिवंत राहिली असती?" त्यांनी आवाज चढवला नाही. कधीच चढवत नाहीत. उठता उठता म्हणाले, "त्यांची एक जादा किल्ली तुमच्याकडे असते ना."

असते खरी. मी हे त्यांना कधी सांगितलं ते मात्र आठवत नाही.

१६ एप्रिल

किल्ली दिली. ताईच्या भल्यासाठीच. कॅप्टन म्हणाले, "आज तुम्ही एक जीव वाचवलात."

घरी येऊन दोनदा चहा केला, दोन्ही वेळा पुढ्यात ठेवून गार झाला.

२१ एप्रिल

काल ताई दाताच्या डॉक्टरकडे गेली होती, तेवढ्यात कड्या काढून झाल्या. आज ती माझ्याकडे आली. तो गुडघा घेऊन जिना चढून आली. आत आली आणि उभीच राहिली.

"माझ्या घरात कोण शिरलं होतं?"

मी सगळं नीट समजावून सांगितलं. ती मध्ये बोलली नाही, हेच मला अवघड गेलं. नेहमी पहिल्या वाक्याला तोडते.

"आपल्या घरात आठ माणसं होती," ती म्हणाली. "न्हाणीघर एक. कडी लावली की तेवढी जागा माझी व्हायची. जगात तेवढीच. तुला माहीत आहे हे, धाकटे. बाहेर टॉवेल घेऊन तूच उभी असायचीस."

"पण पडलीस तर?"

"तर पडेन."

"असं कसं बोलतेस?"

"किल्ली परत आण."

मी म्हटलं, येत्या बैठकीत विषय ठेवते. ती पाठ फिरवून निघाली. मग एकेका पायरीवर थांबत जिना उतरली. मी हात द्यायला पुढे झाले, तर म्हणाली, "हात नको."

२८ एप्रिल

बैठकीत विषय ठेवला. पुढच्या बैठकीवर गेला.

११ जून

घड्याळजी गेले.

गेल्या महिन्यात ते भल्या पहाटे हत्यारांची पेटी घेऊन आपल्या जुन्या दुकानापाशी जाऊन बसले होते. तिथे आता औषधांचं दुकान आहे. असे कुठेतरी हरवतील म्हणून मंडळाने त्यांच्या दाराला बाहेरून कडी बसवून घेतली. सुतार नाही म्हणाला, तेव्हा दुसरा माणूस आणला. काल सकाळी घड्याळजी खिडकीतून खाली पडले. खिडकी पुसत असावेत, असं कॅप्टन म्हणाले. मला जरा नवल वाटलं, कारण शेजारी हत्यारांची पेटीही पडलेली होती, फुटपाथभर बारीक बारीक चाकं. खिडकी पुसायला पेटी कशाला लागते? पण म्हातारपणी माणूस काय करेल सांगता येत नाही.

शोकसभेला खुर्च्या कमी पडल्या. कॅप्टनना बोलता बोलता हुंदका आला. "खिडकीकडे माझं लक्ष गेलं नाही," एवढंच म्हणत राहिले. मग सगळ्या घरांच्या खिडक्यांना लोखंडी जाळ्या बसवायचा ठराव झाला. सुतार उठून बाहेर गेला. त्याला कोणी विचारलं नाही, मीही नाही. मी इतिवृत्त लिहीत होते.

२ जुलै

दुपारी सुतार आला. मी जमिनीवर कापड पसरून फलक रंगवत होते.

"बाई, बोलायचं होतं."

"बसा ना. एवढं 'ळ' पुरं करते."

तो बसला. माझं 'मंडळ' पुरं होईपर्यंत जाकिटाच्या बटणाशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "तुमच्या ताईंच्या दाराला काल बाहेरून कडी बसली. माहीत आहे?"

"हो, थोड्या दिवसांपुरती. ती रोज रात्री ते भलंमोठं टेबल ओढून दाराला लावते हो. या वयात, त्या गुडघ्याने. कॅप्टन म्हणतात, हे काही बरं लक्षण नाही."

"मी पण लावतो," सुतार म्हणाला. "टेबल नाही, पलंग."

मी हसले. मला वाटलं, त्याची नेहमीची थट्टा. त्याने निळं जाकीट अंगातून काढलं, बाह्या आत घालून नीट घडी केली, खुर्चीवर ठेवलं आणि गेला. निरोप घेतानाही इतकं हळू बोलला की मला ऐकूच आलं नाही.

कॅप्टनना सांगितलं. म्हणाले, "जाऊ द्या. भित्रा निघाला." कारागीर चांगला होता, पण.

१९ ऑगस्ट

ताई आता खूप सुधारली. म्हणजे स्वभावाने. नर्सबाई रोज तिला एक गोळी देतात, मन शांत राहावं म्हणून. पूर्वी मी गेले की वसकन अंगावर यायची. आता खुर्चीत बसलेली असते, "ये" म्हणते. टोमणे नाहीत, वाद नाही. काल मी तिचा हात हातात घेऊन कितीतरी वेळ बसले आणि तिने तो काढून घेतला नाही. लहानपणानंतर पहिल्यांदाच. मंडळाने मला माझी बहीण परत दिली, असं कोणाला सांगितलं तर अतिशयोक्ती वाटेल.

फक्त टेबलावरच्या कागदावर तिने आखायला घेतलेली रेघ मधूनच घसरून खाली उतरली होती. कागद संपून लाकडावर गेली होती. वय झालं.

लेकीचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. तिला मावशीशी बोलायचं होतं. ताईने फोन कानाला लावला, थोडा वेळ धरला आणि काही न बोलता मला परत दिला.

"आई, मावशीला काय झालंय?"

"काही नाही. शांत झालीय."

"मावशी? शांत?" एवढंच ऐकू आलं. मला वाटलं, फोन कट झाला.

७ सप्टेंबर

चांगली बातमी. वरच्या मजल्यावरची ती रिकामी जागा मालकाने मंडळाला दिली. तिथे 'विसावा' निघणार. ज्यांच्यावर चोवीस तास लक्ष ठेवावं लागतं अशांसाठी खोल्या. भिंतींना पिवळा रंग दिलाय, प्रसन्न वाटतं. दारं फक्त बाहेरून उघडतात, प्रत्येक दाराला गोल काच, म्हणजे आतल्या माणसाला त्रास न देता बघता येतं.

पहिली खोली ताईची. उद्घाटन वीस तारखेला, त्याच संध्याकाळी तिला हलवायचं. माझ्याच डोक्यावर ताई राहणार, केवढी सोय.

कॅप्टननी मला ती खोली दाखवली. मग शेजारची दाखवली. "ही बघा, हिला गच्चीकडून वारा येतो," म्हणाले. "कोणासाठी?" मी विचारलं, तर हसले आणि म्हणाले, "तुम्हीही एकट्याच की."

त्यांना सगळ्यांची काळजी.

१५ सप्टेंबर

नर्सबाई तापाने पडल्यात. गोळी द्यायचं काम दोन-चार दिवस माझ्यावर आलं. काल गेले तेव्हा ताई खुर्चीत गाढ झोपलेली. झोपलेल्या माणसाला उठवून झोपेची गोळी द्यायची, हे मला काही पटलं नाही. गोळी पदराच्या टोकाला बांधून परत आणली. आजही तेच. नर्सबाईंना सांगितलं नाही, उगाच तापात चिडतील.

१७ सप्टेंबर

आज दारावरच्या निळ्या जाकीटवाल्याने कडी काढून मला आत सोडलं, तर ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "तू जाड झालीस."

मला एकदम रडूच आलं. का ते मला सांगता येणार नाही. एवढे दिवस ती माझ्याशी गोड बोलत होती तेव्हा नाही आलं.

"कोणता महिना?" तिने विचारलं.

"सप्टेंबर."

ती हिशेब करत असावी. तिने खिडकीच्या जाळीकडे पाहिलं, आपल्या हातांकडे पाहिलं, मग मला जवळ बोलावलं आणि कुजबुजली. ताईला कुजबुजताना मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"मला इथून ने."

"कॅप्टनना विचारते, ते..."

"विचारू नकोस." तिने माझं मनगट धरलं. बोटं गार होती, पण पकड ताईची होती. "मी रागावले नाही तुझ्यावर. पण तू विचारलंस की मी पुन्हा झोपेन, धाकटे. आणि या वेळी मला उठवायला तू नसशील."

मी बाहेर पडले तेव्हा जाकीटवाल्याने विचारलं, "घेतली का गोळी?" मी म्हटलं, "घेतली." मी कॅप्टनच्या माणसाशी खोटं बोलले. घराऐवजी माझे पाय सुताराच्या दुकानाकडे वळले. तो रंधा मारत होता, मला बघून थांबला. मी काय सांगायला आले ते त्याला सांगावंच लागलं नाही.

२० सप्टेंबर

झालं. कडी लावून लिहायला बसले आहे.

दुपारी उद्घाटन. सगळी जाकिटं आमच्या इमारतीत, जिन्यात पाय ठेवायला जागा नाही. ताईच्या दारावरचा माणूसही फीत कापायचं बघायला आला होता. माझी खुर्ची व्यासपीठावर, कॅप्टनच्या उजव्या हाताला. भाषणं सुरू झाली तेव्हा मी "पाणी पिऊन येते" म्हणून उठले आणि मागच्या जिन्याने उतरले.

बाहेरच्या कडीला आता कुलूप होतं, हे आम्हाला माहीत नव्हतं. सुताराने कुलपाला हातच लावला नाही. बिजागऱ्यांच्या खिळ्या ठोकून वर काढल्या आणि अख्खं दार उचलून भिंतीला टेकवलं. ताई आत तयार बसली होती, पायांत चपला, मांडीवर पट्ट्या नि पेन्सिलींची पेटी. बाकी काही घेतलं नाही. लेकीच्या गावी न्यायला टेम्पोत फळ्यांच्या मध्ये तिला बसवली. ती म्हणाली, "चढ."

"मी कशी येऊ? वर माझं आभारप्रदर्शन आहे."

"चढ, धाकटे."

म्हटलं, "मी नसले तर लगेच शोधतील. तू पुढे हो. मी इथलं नीट करते. माणसं वाईट नाहीत गं ताई, जरा भरकटलीत." तिने एक फळी सरकवून माझ्यासाठी जागा केली. सुताराने दार परत बिजागऱ्यांवर बसवलं आणि गाडी सुरू केली.

वर आले तर टाळ्या चालू होत्या. कॅप्टन टाळ्या वाजवत माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते.

२१ सप्टेंबर

लेकीचा सकाळी फोन, मावशी पोचली. हुश्श झालं.

कॅप्टन आले. मला वाटलं होतं ओरडतील. खाली मान घालून बसले. "तुम्हाला काही बोलणार नाही," म्हणाले. "पण त्या पडतील हो. कुठल्यातरी बंद दाराआड पडतील आणि मी तिथे नसेन." डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना चहा दिला. एवढ्या चांगल्या माणसाचं मन दुखावलं याचं वाईट वाटलं, आणि ताई गेली याचं बरं वाटलं. दोन्ही एकदम.

जाताना ते दाराशी थांबले आणि माझी कडी वर-खाली करून पाहिली. "सैल झालीय," म्हणाले.

२४ सप्टेंबर

आज बैठकीत बोलले. कालपासून पाठ केलं होतं. म्हटलं, आतल्या कड्या ज्यांना हव्यात त्यांना परत बसवून द्याव्यात, बाहेरच्या काढाव्यात, आणि गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणालाही देऊ नयेत. घड्याळजींचंही बोलले. पेटीचं बोलले.

कोणी विरोध केला नाही. मी तयारी केली होती ती विरोधाची. सगळे माझ्याकडे इतक्या मायेने बघत होते की मी वाक्य विसरले. कोणीतरी पाणी आणलं. कोणीतरी पंखा वाढवला. नर्सबाईंनी माझ्या कपाळाला हात लावला. कॅप्टन हळूच सभेला म्हणाले, "बहीण गेल्याचा धक्का आहे. यांनी मंडळासाठी रक्ताचं पाणी केलंय. आता आपली पाळी."

ठराव झाला: चिटणीसबाईंना सक्तीची विश्रांती, आणि मंडळाने त्यांची सर्वतोपरी काळजी घ्यावी. सगळे हात वर गेले. त्या आजींचाही गेला. हात वर होता, पण बघत होत्या जमिनीकडे. इतिवृत्त लिहायचं काम माझंच, म्हणून मी लिहिलं: एकमताने मंजूर.

सहा जण घरापर्यंत सोडायला आले.

२६ सप्टेंबर

नर्सबाई कालपासून इथेच राहायला आल्यात, बाहेरच्या खोलीत. सुट्टी काढली म्हणे माझ्यासाठी. कोणासाठी कोण एवढं करतं? घरची कडी काढून नवं कुलूप बसवलंय, किल्ली त्यांच्या कमरेला. मला वर-खाली नको म्हणून.

दुपारी त्या आंघोळीला गेल्या तेव्हा ताईचा फोन आला. आवाज एकदम खणखणीत. लेक मागून काहीतरी सांगत होती. ताई म्हणाली, "आजच्या आज निघ. सुतार पाच वाजता नाक्यावर टेम्पो लावून थांबेल. सामान घेऊ नकोस. ऐकतेस ना?" मी हो म्हटलं. तेवढ्यात नर्सबाई आल्या आणि फोन ठेवायला लावला, बोलून दमायला होतं म्हणाल्या.

चहा त्यांनीच केला. जरा कडवट झाला होता, पण दुसऱ्याच्या हातच्याला नावं ठेवू नयेत. आता खिडकीतून नाका दिसतोय. टेम्पो आलाय, सुतार बाहेर उभा राहून इकडेच बघतोय. मी हात केला. त्याला दिसला की नाही कळत नाही, नवी जाळी फार बारीक विणीची आहे.

नर्सबाई खुर्चीत डुलक्या घेताहेत. तापातून उठलेलं माणूस, त्यांना उठवून किल्ली कशी मागायची? माझीही पापणी जड झालीय. सुतार थांबेल. आधी जरा पडते, मग निघेन.